अस्सल बरहुकूम

आत्याचा मेसेज रात्री उशिरा आला. ‘पुढे वाचा’ दाबल्याशिवाय न संपणारा, लांबलचक. वर तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं : ‘वाच गं हे. अगदी आपल्या दादासारखा माणूस दिसतोय.’

दोन ओळी वाचल्या आणि पुढचं वाचायची गरजच उरली नाही. मजकूर पाठ होता. तो माणूस दादासारखा नव्हता, दादाच होता. आत्याचा थोरला भाऊ, माझे बाबा. लेख मी लिहिलेला, बाबांच्या हस्ताक्षरावर, दीडेक वर्षापूर्वी ब्लॉगवर टाकलेला. कुठून कुठून, किती जणांच्या अंगठ्यांखालून सरकत तो बाबांच्या सख्ख्या बहिणीपर्यंत पोचला आणि तिच्याकडून परत माझ्याकडे आला. वाटेत माझं नाव गळलं होतं, बाबांचंही गळलं होतं. शेवटी दोन जोडलेले हात आणि त्याखाली ‘– अनामिक’.

लगेच फोन केला. ‘आत्या, अगं हा लेख माझा आहे. आणि हा माणूस म्हणजे दादाच आहे.’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग नाव का नाही घातलंस?’

आता काय सांगणार? नाव घातलं होतं. ठळक घातलं होतं. पण ते पानाच्या माथ्यावर, शीर्षकाखाली होतं आणि उचलणाऱ्यानं बोट ठेवलं ते पहिल्या वाक्यावर. निवडलेल्या भागात जे नाही ते प्रवासाला निघत नाही, इतका साधा हिशेब. मेसेजच्या डोक्यावर बारीक करड्या अक्षरांत ‘फॉरवर्डेड’ एवढं मात्र होतं. अफवांपायी माणसांचे जीव जायला लागले तेव्हा, २०१८ मध्ये, व्हॉट्सॲपनं ही खूण आणली. पुष्कळदा फिरलेल्या मजकुराला पुढच्या वर्षी दोन बाण मिळाले. ती खूण सांगते काय, तर पाठवणाऱ्यानं हे लिहिलेलं नाही. मग कुणी लिहिलं, याबद्दल अवाक्षर नाही. न-लेखकाची नोंद ठेवणारी एवढी मोठी यंत्रणा आहे, लेखकाची नाही.

चिडण्यासारखं आणखी एक होतं. त्या लेखाचा विषयच मुळी बाबांच्या वह्या हा होता. बाबा आयुष्यभर वाचलेल्यातले उतारे उतरवून घेत. निळी शाई, किंचित चढत जाणाऱ्या ओळी आणि प्रत्येक उताऱ्याखाली उजव्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पान क्रमांक. ऐकीव वाक्य असेल तर कुणाकडून, कधी ऐकलं तेही. लहानपणी मी विचारलं होतं, एवढं कशाला लिहायचं? ते म्हणाले, ‘कुठून घेतलं ते लगेच लिहून ठेवावं. नाहीतर चार वर्षांनी आपल्यालाच वाटायला लागतं, हे आपलंच.’ हे वाक्यही लेखात होतं. ज्यानं माझं नाव गाळून खाली ‘अनामिक’ लिहिलं, त्यानं हे वाक्य कॉपी केलं होतं. वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

मराठी नेटकऱ्यांनी ‘कॉपी-पेस्ट’ची अक्षरं उच्चारून त्याचं फार पूर्वीच ‘चोप्य-पस्ते’ करून टाकलं आहे. थट्टेतला शब्द, पण एखाद्या आळसावलेल्या देवतेच्या नावासारखा तो वाटतो खरा. लॅरी टेस्लर यांनी सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत टिम मॉट यांच्याबरोबर काम करताना मजकूर उचलून दुसरीकडे ठेवायची ही रीत घडवली, तेव्हा स्वतःच्याच कागदातला परिच्छेद वर-खाली हलवणं एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न असणार. स्वतःच्या कागदात उगम कशाला लिहायचा? क्लिपबोर्डला, म्हणजे उचललेला मजकूर तात्पुरता ठेवायच्या त्या जागेला, आठवण नाही, ती तेव्हापासून नाही.

त्या रात्री रागारागात मी शोधलं आणि तासाभरात एक छोटी स्क्रिप्ट ब्लॉगला जोडली. पानावरचा मजकूर कुणी कॉपी केला की त्याच्या शेवटी आपोआप ‘मूळ लेख :’ आणि दुवा चिकटेल अशी. दहा-बारा ओळींचं काम. वाचकानं कॉपी म्हणताच ब्राउझर पानाला आतून खबर देतो (हिला ‘कॉपी इव्हेंट’ म्हणतात). पान म्हणतं, थांब, तू देऊ नकोस, मी देते. मग ते निवडलेला मजकूर घेतं, त्याला शेपूट जोडतं आणि क्लिपबोर्डवर ठेवतं. ठेवायचं दोन रूपांत : एकदा साधा मजकूर म्हणून, एकदा एचटीएमएल म्हणून. म्हणजे वर्डमध्ये चिकटवलं तर निळा, दाबता येणारा दुवा येतो आणि नोटपॅडमध्ये नुसता पत्ता. जुन्या ब्राउझरांत हे इतकं सरळ नव्हतं. तेव्हाच्या स्क्रिप्टा पडद्याबाहेर एक अदृश्य खोका बनवत (डावीकडे ९,९९९ पिक्सेल हा त्या काळचा लाडका आकडा), त्यात मजकूर आणि दुवा भरत, वाचकाची निवड गुपचूप त्या खोक्यावर सरकवत आणि कॉपी झाली की खोका मोडून टाकत. हातचलाखीच. मी माझ्या स्क्रिप्टमध्ये मजकूर आणि दुवा यांच्यामध्ये दोन ओळी मोकळ्या सोडल्या, दुवा उठून दिसावा म्हणून. या दोन ओळी लक्षात ठेवा.

मी काही नवं करत नव्हते. २०१० च्या आसपास टिंट नावाच्या कॅनडातल्या कंपनीची अशीच सेवा बऱ्याच बड्या बातमी-साइटांवर होती. परिच्छेद उचलला की खाली ‘रीड मोअर’ आणि एक पत्ता. पत्त्याच्या टोकाला ‘आय-एक्स-झेड-झेड’नं सुरू होणारा सांकेतिक गुंता. त्या गुंत्यावरून कुणी काय उचललं आणि त्यातून किती जण परत आले याचा हिशेब प्रकाशकाला मिळे. त्याच वर्षी जॉन ग्रूबर या तंत्रविषयक ब्लॉगलेखकानं या प्रकाराची सडकून हजेरी घेतली. त्याचा मुद्दा सोपा होता : कॉपी करणं ही वाचकाची कृती आहे, त्यात साइटनं हात घालायचं कारण नाही. तेवढ्यावर न थांबता टिंटचा सर्व्हर आपल्या संगणकापुरता कसा बंद पाडायचा तेही त्यानं सांगितलं. २०१२ मध्ये टिंट दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. कल्पना मात्र मेली नाही. ॲपलच्या पुस्तकांच्या ॲपमधून उतारा उचलला की पुस्तकाचं नाव येतं आणि वर ‘या मजकुरावर कॉपीराइट असू शकतो’ अशी तंबीही. किंडलच्या संगणकावरच्या ॲपमधून उचललं तरी लेखक आणि पुस्तक मागोमाग येतात. ती शेपटं मला कधी खुपली नाहीत. बाबांच्या वहीतल्या उजव्या कोपऱ्यासारखी वाटायची.

माझं शेपूट मात्र लोकांना खुपलं. पहिली तक्रार आठवड्याच्या आत आली. एका वाचकानं ‘अळुमाळ’ हा शब्द कोशात बघायला म्हणून उचलला होता. कोशाच्या शोधपेटीत त्यानं चिकटवलं तेव्हा ‘अळुमाळ’, दोन मोकळ्या ओळी, ‘मूळ लेख :’ आणि हातभर पत्ता असा ऐवज पडला. कोशानं हात टेकले. वाचकानं मला लिहिलं, ‘शब्दही तुमचाच आहे का?’ मी लाजून दहा शब्दांची मर्यादा घातली. त्याहून कमी उचललं तर शेपूट नाही.

दुसरं पत्र मनाला जास्त लागलं. एक बाई आपल्या आईसाठी लेख मोठ्या अक्षरांत छापत होत्या. आईला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. फोनवर पूर्ण लेख एकदम निवडता येईना म्हणून त्यांनी परिच्छेद परिच्छेद करून उचलला. अकरा परिच्छेद, अकरा शेपटं. घाईत तशीच छापली गेली. त्यांच्या आईनं मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि चौथ्या-पाचव्या परिच्छेदानंतर विचारलं, ‘हे मध्ये मध्ये कोण बोलतंय?’

मी बोलत होते. माझा लेख वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला दर मिनिटाला ‘मी, मी’ म्हणून सांगत होते.

आणि चोर? त्यांचं तर काहीच बिघडलं नव्हतं. शेपूट दिसतं, शेपूट निवडता येतं, एक कळ दाबली की जातं. तेवढेही कष्ट नको असतील तर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करावी, किंवा सरळ स्क्रीनशॉट मारावा. चित्र काढताना कुणी पानाला विचारत नाही, पानाला ते कळतही नाही. माझा एक लेख फिकट फुलांच्या पार्श्वभूमीवर चार चित्रांत विभागलेला मी पाहिला आहे. कुणीतरी बसून ते केलं होतं, मेहनतीनं, अक्षरांचा रंगही निवडला होता. एवढ्या वेळात नाव लिहून झालं असतं. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण ज्यानं केली त्याला कॉपी इव्हेंट ठाऊक नव्हता, पण स्वभाव ठाऊक होता. (राइट-क्लिक बंद करणाऱ्या आणि मजकूर निवडूच न देणाऱ्या साइटांबद्दल मी बोलत नाही. ते म्हणजे घरात पाहुण्याचे हात बांधून गप्पा मारणं झालं.)

स्क्रिप्टमध्ये आणखी एक सोय होती : कुठला मजकूर कॉपी झाला त्याची नोंद ठेवायची. नावं नाहीत, पत्ते नाहीत, नुसती वाक्यं. मी ती चालू केली. महिनाभर रोज सकाळी ती यादी उघडून बसायचे आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात मला माझ्या वाचकांबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या चार वर्षांत कळलं नव्हतं. ज्या वाक्यांवर मी जीव टाकला होता त्यांना कुणी हात लावला नव्हता. लोक उचलत होते ती मधली, बिनडौल, जाता जाता लिहिलेली वाक्यं. एकानं फक्त ‘चार वर्षांनी’ हे दोन शब्द उचलले होते. एकानं एकच परिच्छेद एका रात्रीत पाच वेळा उचलला होता. पाच जणांना पाठवला असेल किंवा स्वतःलाच पाठवायला जमत नसेल. त्या पाच नोंदींपाशी मी थबकले. हे मी का बघतेय? कुणी ओळखीचा माणूस पुस्तकात पेन्सिलनं खुणा करतोय आणि मी त्याच्या खांद्यावरून डोकावून वहीत टिपतेय, असं वाटलं. नोंद बंद केली, यादी पुसली. ती यादी मला फार आवडत होती, हेही सांगायला हवं.

आख्खा ब्लॉग उचलणारे यंत्रचोर निराळे. एक साइट माझे लेख पडल्यापडल्या जशीच्या तशी छापत होती, आयत्या बिळावर नागोबा, भोवती जाहिराती. ती पानाकडे फिरकतच नव्हती. ब्लॉगची फीड, म्हणजे नवे लेख यंत्रांना आपोआप पुरवणारी यादी, घेत होती. फीडमध्ये कॉपीचा प्रसंगच येत नाही. मग मी फीडच्या प्रत्येक लेखाखाली ‘हा लेख प्रथम येथे प्रसिद्ध झाला’ अशी दुव्यासकट ओळ घातली. वर्डप्रेसची काही प्लगइन हे काम वर्षानुवर्षं करत आली आहेत. दुसऱ्याच दिवशी त्या साइटवर माझा लेख माझ्या नावासकट, दुव्यासकट! यंत्राला लाज नसते, त्यामुळे ते नावही खोडत बसत नाही. ‘अनामिक’ लिहायला माणूसच लागतो. आता तर मजकूर पोत्यानं उचलून भाषा शिकणारी यंत्रं आली आहेत. तिथं ना निवडणं, ना चिकटवणं. त्यांच्यासाठी दोन मोकळ्या ओळी कुठं सोडायच्या ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या दिवसांत एका प्रोग्रामर मित्रानं सल्ला दिला, ‘दिसणारं शेपूट कशाला? अदृश्य अक्षरं पेर.’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिपींच्या सामाईक अक्षरसंचात, शून्य रुंदीची काही अक्षरं आहेत. डोळ्याला दिसत नाहीत, पण मजकुराबरोबर प्रवास करतात. त्यांची विशिष्ट मांडणी केली की लेख कुठंही गेला तरी ओळखता येतो. कल्पना छान होती, पण मित्र रोमन लिपीत विचार करत होता. आपल्याकडे त्यातलं एक अदृश्य अक्षर आधीच नोकरीला आहे. ‘दऱ्या’ लिहिताना ‘र’ची ती आडव्या कोयत्यासारखी रेघ उमटावी म्हणून पुष्कळ जुन्या कळपाट्या (कीबोर्ड) ‘र’, हलन्त आणि ‘य’ यांच्यामध्ये शून्य रुंदीचा एक सांधा घालतात. नुक्त्याचा ‘ऱ’ वापरला तर सांध्याची गरज पडत नाही, पण सगळे कुठं वापरतात? तो सांधा पुसला गेला की रेघ उडी मारून डोक्यावर जाते, रफार होते. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यातला फरक शाळेत शिकवतात. स्वयंपाक्याला दिलेलं बोलावणं गुरुजींना जातं.

माझ्या लेखात एक वाक्य होतं : ‘बाबांच्या ओळी डोंगरासारख्या चढायच्या आणि शब्दाशब्दांमध्ये दऱ्या पडायच्या.’ तेव्हा माझ्या कळपाटीत सांधाच होता. मजकूर कुठल्या तरी साइटवर गेला, तिथल्या सफाईयंत्रानं अदृश्य अक्षरं झाडून टाकली आणि दऱ्यांचा दर्या झाला. ‘शब्दाशब्दांमध्ये दर्या पडायच्या.’ मग कुणा भाषाप्रेमी माणसाला व्याकरण खटकलं असावं. त्यानं दुरुस्त केलं : ‘शब्दाशब्दांमध्ये दर्या पसरायचा.’ आत्यानं पाठवलेल्या प्रतीत हेच होतं. मी ते वाक्य शोधयंत्रात टाकलं तेव्हा माझ्या लेखाचं एक कूळच्या कूळ हाती आलं. ‘पडायच्या’वाली थोरली पाती, ‘पसरायचा’वाली धाकटी. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक हेच करतात. ज्या प्रतींमध्ये एकच चूक असते त्या एकाच पोथीवरून उतरल्या असणार, असं धरून वंशावळ मांडतात. नक्कलकारांनाही आपल्या चुकांची जाणीव असे. पोथीच्या शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’ लिहून, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नका, असं सांगून ते मोकळे होत. बरोबर पुष्कळदा स्वतःचं नाव आणि तिथी. दप्तरातल्या कागदांवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असे : मुळाप्रमाणे उतरवलेली प्रत. बघा, नक्कल करणाऱ्याला नक्कल म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नव्हता. ते पदच होतं.

चुकीतून वंश शोधायचा हा प्रकार मुद्दामही करतात. गाण्यांचे शब्द छापणाऱ्या जीनियस या साइटनं काही गाण्यांत सरळ आणि वळणदार अपॉस्ट्रॉफी विशिष्ट क्रमानं मांडले. त्यांना टिंब आणि रेघ समजून मोर्स संकेतात वाचलं तर ‘रेड हँडेड’ असे शब्द निघत. तीच मांडणी गूगलच्या शोधनिकालांत दिसली, असं साइटनं २०१९ मध्ये जाहीर केलं. त्याच्याही कितीतरी आधी एका अमेरिकी टेलिफोन कंपनीनं आपल्या यादीत खोटी नावं पेरली होती. दुसऱ्या प्रकाशकानं उचललेल्या १,३०९ नोंदींमध्ये त्यांतली ४ सापडली. रंगेहाथ पकडणं म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे दोघंही खटला हरले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नावं आणि नंबर यांची अकारविल्हे यादी ही स्वतंत्र निर्मिती नव्हे. आणि जीनियसला न्यायालयात ऐकावं लागलं की गाण्यांचा हक्क मुळात तुमचा नाहीच. उचललं हे सिद्ध करणं वेगळं आणि आपलं होतं हे सिद्ध करणं वेगळं.

माझं होतं हे तरी मी कशावरून सिद्ध करणार होते? कायद्याची बाजू भक्कम आहे म्हणे. लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ पासून ‘सहा बिस’ नावाचं एक कलम आहे. पैशाचे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणायचा लेखकाचा हक्क शाबूत राहतो, असं ते सांगतं. पण तो हक्क बजावायचा कुणावर? आत्यावर?

अधूनमधून टेड नेल्सनची आठवण होते. ‘हायपरटेक्स्ट’, म्हणजे दुव्यांनी एकमेकांशी जोडलेला मजकूर, हा शब्द त्याचा, १९६५ चा. त्याच्या कल्पनेतल्या झॅनडू या व्यवस्थेत उतारा उचलून नेताच येत नाही. तो मूळ जागीच राहतो आणि तिथून तुमच्या पानात दिसतो; दोन्ही टोकांना एकमेकांचा पत्ता असतो, नाळ तुटत नाही. त्याची व्यवस्था दशकानुदशकं रखडली. त्या काळात टिम बर्नर्स-ली यांची एकतर्फी दुव्यांची वेब आली आणि जग व्यापून बसली. एकतर्फी होती म्हणूनच बसली. कुणाच्या परवानगीशिवाय कुणाकडेही बोट दाखवता येत होतं. उलट दिशेची खबर मिळावी म्हणून ब्लॉगवाल्यांनी २००२ मध्ये ट्रॅकबॅक काढलं. ते जाहिरातबाजांनी इतकं नासवलं की आज कुणी नावही घेत नाही. हल्ली क्रोममध्ये एखाद्या नेमक्या वाक्याचाच दुवा बनवता येतो. दाबला की पान उघडतं आणि ते वाक्य रंगून समोर येतं. मला ती सोय मनापासून आवडते. पण ती वापरायला मुळात दुवा पाठवायची इच्छा लागते. आत्याच्या गटात दुवा कुणी उघडत नाही. समोर मजकूर असेल तर वाचतात.

त्या गटाचा विचार करता करता मला नाममुद्रेचं मोल कळलं. अभंगात संताचं नाव शेवटच्या चरणात असतं, ते वृत्तात बसलेलं असतं. काढायला गेलात तर चाल मोडते, लंगडं होतं. नाव गाळून अभंग म्हणता येत नाही. कागदाशिवाय, तोंडातोंडी, शतकं ओलांडून नावासकट पोचायची याहून पक्की तजवीज मला माहीत नाही. आणि त्याच तजविजीचा दुसरा परिणाम असा की ज्याला आपली रचना टिकावी असं वाटलं, त्यानं शेवटी ‘तुका म्हणे’ जोडून दिलं. कुठले अभंग खरे आणि कुठले मागून घुसलेले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. नाव जितकं घट्ट बसवावं तितकं ते भलत्या गोष्टींनाही घट्ट बसतं. आजही कुठलंही बरं वाक्य मेलेल्या थोरांच्या नावावर फिरतंच की. हे मला तेव्हा माहीत होतं. तरीही पुढं जे झालं ते ओळखायला वेळ लागला.

गेल्या वर्षी त्याच जुन्या लेखाबद्दल अचानक मेल येऊ लागली. पहिलीत एका वाचकानं लिहिलं, ‘शेवटचं अंगठ्याचं वाक्य वाचून फार वेळ गप्प बसलो.’ मला कळेना. माझ्या लेखात अंगठा नाही. माझं शेवटचं वाक्य बाबांचा हात शाईतून अजून हलताना दिसतो, असं काहीतरी आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही वाचलेली प्रत मला पाठवा.

त्यांनी पाठवली. ‘दऱ्या’ जागच्या जागी होत्या, दर्या नव्हता. म्हणजे ही प्रत जुन्या कुळातली नव्हती, थेट माझ्या पानावरून उचललेली होती. शेवटी ‘मूळ लेख :’ आणि माझा दुवा, अखंड. माझ्या स्क्रिप्टनं काम चोख बजावलं होतं आणि वाटेत कुणीही ते खोडलं नव्हतं. मात्र माझं शेवटचं वाक्य आणि दुवा यांच्यामध्ये, मी मोकळ्या सोडलेल्या त्या दोन ओळींच्या जागी, कुणीतरी लिहिलं होतं :

‘माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. एका जुन्या कागदावर त्यांचा अंगठा आहे, तोच वाचत बसायचं.’

आणि त्याच्या लगेच खाली, मूळ लेख, माझा पत्ता.

कुणा माणसानं लेख कुणाला तरी पाठवताना सहज, स्वतःचं म्हणून, तेवढं जोडलं असणार. नाव लिहायची त्याला गरज वाटली नसेल. पाठवलं त्याला ते माहीतच होतं. पुढं ते पुढं गेलं आणि माझ्या शेपटानं त्या दोन वाक्यांनाही आपल्या विळख्यात घेतलं. पुन्हा पुन्हा वाचलं. माझा लेख हजारेक शब्दांचा आहे. तो सगळा त्या दोन वाक्यांपर्यंत पोचायला लिहिला असावा, असं वाटतं. ती तिथं शोभतात आणि ती माझी नाहीत.

शोध घेतला. पहिल्या वाचकाला त्यांच्या वहिनीनं पाठवलं होतं, वहिनींना शाळेच्या गटातल्या मैत्रिणीनं, तिच्याकडे दोन बाण होते. तिथं वाट संपली. शोधयंत्रात ती वाक्यं टाकली तर दोन-तीन ठिकाणी सापडली, सगळीकडे माझ्याच नावावर.

पहिल्या वाचकाला मी सविस्तर कळवलं : ते वाक्य माझं नाही, कुणाचं ते सापडत नाही, सापडलं तर जरूर सांगा. दुसरी मेल आली तिलाही कळवलं, जरा थोडक्यात. तिसरी एका वयस्कर गृहस्थांची होती. त्यांनी लिहिलं होतं, ‘आपलं अंगठ्याचं वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे. खाली आपलं नाव आणि तारीख घातली आहे.’

मी उत्तर लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या. मग ‘धन्यवाद’ एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.